एक्केचाळीस सेकंदांचं दार

आधीच सांगून टाकतो, मला संथपणाचा तिटकारा आहे. नमनाला घडाभर तेल ओतणारी माणसं भेटली की माझी बोटं शिवशिवतात. वाटतं, ह्यांच्या बोलण्याला मधूनच कात्री लावावी आणि दोन्ही टोकं जोडून मोकळं व्हावं. धंदाच माझा तो. कंपन्यांसाठी छोट्या फिल्म जोडून देतो. लिफ्टमध्ये अडकलात तर काय करावं, आग लागली तर कुठल्या जिन्याने पळावं, असल्या. तीन तासांचं चित्रण येतं, चार मिनिटांचं होऊन जातं, आणि बाकीच्याची आजवर कुणालाही आठवण आलेली नाही.

माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, ह्याच्या बरोबर उलट. वडील गेल्यापासून ती आमच्याकडेच होती, मागच्या छोट्या खोलीत. मी आणि बायको पुढच्या खोलीत, आणि माझं कामाचं टेबल स्वयंपाकघरात, फ्रिज आणि भिंत ह्यांच्या मध्ये. फोडणी बसली की माझ्या पडद्यावर शिंतोडे. त्या मागच्या खोलीवर माझा डोळा होता हे मी लपवत नाही. बायकोचाही होता, फक्त ती तोंडाने बोलत नसे.

आत्या एकेकाळी टीव्हीवर होती. एकाच मालिकेत, पण दोनशे साठ भाग. घड्याळांचं दुकान असलेल्या एका घराची गोष्ट. आत्या त्यात धाकटी सून. नवव्या भागात तिचा नवरा घरातून निघून जातो तो परतत नाही. पुढचे अडीचशे भाग थोरला दीर दुकान गिळायला बघतो, सासरा कोर्टात जातो, आणि आत्या दार उघडते. हसू नका, खरंच तेवढंच. घंटी वाजली की ती आतून म्हणायची, "आले, आले." मग शेगडी बारीक करायची, टॉवेलला हात पुसायची, चालत दारापाशी यायची, कडीवर हात ठेवायची आणि थांबायची. नुसती उभी. मग दार उघडायची, आणि बाहेर पोस्टमन, नाहीतर वकील, नाहीतर दूधवाला. मी मोजलंय. सरासरी एक्केचाळीस सेकंद.

तिचे आणि दिग्दर्शकाचे त्यावरून रोज खटके उडायचे. तो म्हणायचा, बाई, दार आहे ते, किल्ला नाही, उघडा पटकन. आत्या ऐकायची नाही. तिचं म्हणणं, दार उघडेपर्यंत बाहेर तोच असू शकतो, उघडलं की नसतो, मग ती बाई घाई कशाला करेल? हे तिने मला शंभरदा सांगितलं असेल, आणि तेही संथपणे.

मालिकेच्या मूळ टेपा वाहिनीने कधीच पुसून त्यांवर दुसरं काही भरलं होतं. शिल्लक होत्या त्या आत्याच्या कॅसेटी. तीन वर्षं, मालिका असेल त्या संध्याकाळी, ती टीव्हीसमोर बसून रेकॉर्ड करायची, बटणावर बोट ठेवून, जाहिरात लागली की थांबवायची, संपली की सोडायची. दोन पत्र्याच्या ट्रंका भरून कॅसेटी. जगात दुसरीकडे कुठेही ती मालिका नव्हती. एक दिवस तिने ट्रंका माझ्या टेबलापाशी ओढत आणल्या आणि म्हणाली, बुरशी धरतेय, हे सगळं तुझ्या कॉम्प्युटरवर घाल.

घातलं. तीन महिने लागले. ती मागे स्टुलावर विणत बसायची आणि दर पाच मिनिटांनी सुईचं टोक माझ्या खांद्याला टेकवून म्हणायची, "आता मी येते बघ." मी बघायचो. ती यायची. शेगडी, टॉवेल, चाल, कडी. डोकं सटकायचं माझं. पण गोष्ट, सांगतो, गोष्ट खणखणीत होती. दुकानाचं भांडण असं रंगलेलं की सासरा कोर्टात उभा राहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तेव्हाच मनात आलं, ह्यातलं पाल्हाळ काढून टाकलं तर आजच्या लोकांना हे आवडेल. दोनशे साठ भागांचे नऊ तास करायचे. जुन्या मालिकांचे असे आटोपशीर अवतार करणारे आणि बघणारे शौकीन पुष्कळ आहेत, मी त्यांतलाच.

आत्याला सांगितलं तर ती खूशच झाली. कसं ठरवतोस, काय ठेवायचं न् काय काढायचं, असं विचारलं तिने. मी म्हणालो, सोपं आहे. काढून बघायचं. गोष्ट पडली नाही, तर ते नकोच होतं.

"आणि माणूस असला तर?"

"माणूस असला तरी."

ती खुदकन हसली. म्हणाली, मग त्या थोरल्या दिराच्या बायकोला काढ आधी, सेटवर सगळ्यांचा चहा तीच ढोसायची.

पुढे तिचे गुडघे धरले आणि ती स्टुलावर यायची बंद झाली. मी कामाला लागलो. एक्केचाळीसचे आधी बारा केले. मग चार. मग म्हटलं, चार तरी कशाला, घंटी वाजली की पोस्टमन थेट आत दिसला तर कुणाचं काय बिघडतं? दार गेलं. दार गेल्यावर आत्याकडे करण्यासारखं उरलं काय? परागंदा नवऱ्याचा धागा ओढून बघितला. अख्खा सुटून आला, एक गाठसुद्धा बसली नाही. दोनशे एकोणसाठाव्या भागात तो परत येतो आणि आत्या दार उघडते, तो प्रसंगही गेला, कारण जो गेलाच नाही तो परत कसा येणार? शेवटी नामावली गेली, ती कोण वाचतो? खोटं कशाला बोलू, मजा आली. त्या स्टुलावरच्या सुईचा एकेक टोचा मी वसूल करत होतो. नऊ तासांत आत्या एकदाही नव्हती, आणि गोष्ट गोळीसारखी सुटत होती.

इंटरनेटवर टाकली आणि लोकांनी डोक्यावर घेतली. 'आत्ता कळलं ह्यात गोष्ट होती', 'मूळ मालिकेपेक्षा सरस', असले शेरे. फक्त एक लचांड झालं. जेवणाच्या टेबलावर सासरा बोलता बोलता रिकाम्या खुर्चीकडे बघायचा. थोरला दीर तिथे नसलेल्या कुणाला तरी "मीठ दे गं" म्हणायचा. माझ्या नजरेतून सुटलं होतं ते. लोक विचारायला लागले, ह्या घरात भूत आहे का? म्हटलं, हवंय ना भूत, घ्या. कापलेली दारं एका फोल्डरमध्ये पडलीच होती. त्यांतली सत्तेचाळीस दारं एकामागोमाग एक लावली, आठपट वेगाने, वर सर्कशीतल्यासारखी पिपाणी. आत्या टुणटुण येते, टॉवेलवर हात फडफडतात, चिरक्या आवाजात "आलेआले", दार, पोस्टमन, आलेआले, दार, वकील. चार मिनिटं. माझ्या नऊ तासांच्या कष्टांना जेवढी माणसं मिळाली नाहीत त्याच्या वीसपट ह्या चार मिनिटांना मिळाली.

आत्याकडे साधा फोन, तिला पत्ता नव्हता. पण खालच्या मजल्यावर शिकवणीला मुली यायच्या. आत्या जिना उतरताना दिसली की त्या चिरक्या आवाजात ओरडायच्या, "आलेआले!" आत्या कठडा धरून थांबायची, त्यांच्याकडे बघून हात हलवायची. वर येऊन बायकोला सांगायची, बघ हो, एवढ्या वर्षांनी पोरींनी ओळखलं, माझं वाक्यसुद्धा पाठ आहे त्यांना. बायको माझ्याकडे बघायची, मी पडद्याकडे.

त्याच सुमारास लिफ्टवाल्या कंपनीचं मोठं काम आलं आणि माझ्या डिस्का तुडुंब. काहीतरी उडवणं भाग होतं. कॅसेटी तर ट्रंकांसकट भंगारात कधीच गेल्या होत्या, बुरशीने बायको शिंकत होती. उरली त्यांची कॉम्प्युटरवरची नक्कल. आता, भाजी निवडून झाल्यावर देठं कोण जपून ठेवतं? निवडलेली भाजी माझ्याकडे होती. दोनशे साठ भाग, सोबत तो कापलेल्या दारांचा फोल्डर, मी पुसले आणि त्या जागी लिफ्ट भरल्या.

दोन आठवड्यांनी आत्याला पत्र आलं. थकलेल्या कलावंतांसाठी एक निवास आहे, टेकाडावर, बाग वगैरे. तिची जुनी मैत्रीण, मालिकेतली मेकअपवाली, तिथे राहते. वर्षभर दोघी फोनवर खलबतं करत होत्या. आत्याने अर्ज केला होता, आम्हाला न सांगता. मेकअपवालीच्या शेजारची खोली रिकामी झाली होती. पत्र वाचून दाखवून म्हणाली, तुमच्या संसारात मी अडगळ झालेय हे मला दिसतं रे, पण मी रुसून नाही चालले, मला खरंच तिथे जायचंय. दोघी मिळून दिवसभर पत्ते खेळू.

मला आभाळ ठेंगणं झालं. खोली! न भांडता, न बोलता, तिच्या तोंडून. अट एकच होती. तिने पडद्यावर काम केल्याचं समितीला दिसलं पाहिजे, निदान तासभराचं. फोटो, ओळखी चालणार नाहीत. समितीचा अध्यक्ष होता तोच जुना दिग्दर्शक. आत्याने त्याला फोन केला तर तो म्हणाला, बाई, मला माहीत असून उपयोग काय, नियम मीच केलाय, मीच कसा मोडू?

"त्यात काय," आत्या मला म्हणाली. "तुझ्याकडे सगळं आहेच. तासभर काढून दे."

आठ दिवस आज देतो, उद्या देतो करत काढले. पुसलेलं परत आणणाऱ्या एकाकडे डिस्क नेली, तो म्हणाला, वर दुसरं भरलंत, आता देव आला तरी नाही. भंगारवाल्याने कॅसेटींचं प्लास्टिक कधीच पुढे दिलं होतं. मालिका दुसऱ्या कुणाकडे असेल म्हणून शौकिनांत विचारून पाहिलं. प्रत्येकाने मला माझीच नऊ तासांची आवृत्ती पाठवली. शेवटी बायको म्हणाली, आता सांग तिला, नाहीतर मी सांगते. आपण हिचं तोंड बघायला लायक नाही.

सांगितलं. दुपारची वेळ होती, आत्या वाटाणे सोलत होती. तिला आधी समजलंच नाही. तासभर नसेल तर अर्धा तास दे, म्हणाली. मी म्हणालो, अर्धा तासही नाही. मग दहा मिनिटं? मग मी ती चार मिनिटं लावली, कारण दुसरं काही नव्हतंच.

पिपाणी सुरू झाली. आत्या पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघत राहिली. संपलं तेव्हा म्हणाली, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा बघताना तिच्या हातातली शेंग तशीच होती.

"त्या जिन्यावरच्या पोरी," ती म्हणाली, "हे बघून ओरडतात?"

"हो."

"आणि शेवटचं दार? तो परत येतो ते? त्याला मी लगेच उघडलं होतं. एकदाच. कडीवर थांबले नव्हते."

मला आठवतही नव्हतं. सगळ्यांबरोबर तेही आठपट वेगाने धावलं होतं, त्यात कोण थांबलं न् कोण नाही हे कुणाला दिसणार? आत्याने शेंग सोलून दाणे भांड्यात टाकले आणि टरफलं उचलून केराच्या डब्यात घातली. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. मी वाट बघत होतो, कारण दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली की हेच घेऊन जाऊ.

समितीची खोली निवासाच्या तळमजल्यावर होती. लांब टेबल, पाच खुर्च्या, भिंतीवर वेळापत्रक. दिग्दर्शक मधल्या खुर्चीत, कानाला यंत्र. मी लॅपटॉप लावला. पहिल्या तीन दारांना ते गंभीर होते. चौथ्याला टोकाची बाई फसकन हसली, आणि मग धीरच सुटला. वकिलाला, दूधवाल्याला, पुन्हा वकिलाला. दिग्दर्शक टेबलावर थापा मारत होता. आत्या भिंतीशी उभी, पर्स दोन्ही हातांनी धरून, लग्नघरी उशिरा आलेल्या पाहुणीसारखी.

हसून झाल्यावर एक सभासद डोळे पुसत म्हणाला, पण हा तास नाही, चार मिनिटं आहेत. मग कुजबुज झाली. दिग्दर्शक म्हणाला, बाई, करून दाखवा. दार आहेच इथे. तुमचा भाचा बाहेरून वाजवेल.

मी बाहेर गेलो. दार बंद झालं. मी वाजवलं. आतून आत्याचा आवाज आला, "आले, आले," तिचा स्वतःचा, जाडसर. मग काही नाही. सवयीने मी मोजायला लागलो. वीसच्या पुढे मला कळलं की ती कडीपाशी आली आहे, दाराच्या फटीतून तिची सावली पायाशी आली होती. त्या सबंध मालिकेत कॅमेरा कायम तिच्या पाठीमागे किंवा बाजूला. बाहेरून तिला मी कधी बघितलंच नव्हतं. एक्केचाळिसाला दार उघडलं. तिचं तोंड माझ्यासमोर आलं, आणि त्या तोंडावर कुणाची तरी वाट होती, आणि मग त्या जागी मी दिसलो. तिच्या चेहऱ्यावरून जे उतरलं ते मी जन्मात विसरणार नाही. मी तिथे उभा राहिलो, बाहेरचा दूधवाला होऊन.

मग दिग्दर्शकाने घसा साफ केला.

"चांगलं आहे. तेव्हाही असंच करायचात. आता जरा लवकर करता येईल? म्हणजे, ते तसं." आणि त्याने लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

आत्याने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. तीन वर्षं त्याने जे मागितलं आणि तिने दिलं नाही, ते मी त्याला ताटात वाढून आणलं होतं. मी तेव्हा म्हणू शकलो असतो की नको, चल घरी. तीन शब्द होते. पण मला ती खोली दिसत होती, खिडकीखाली टेबल, फोडणीपासून लांब. मी बोललो नाही. आत्याने हळूच दार लावून घेतलं.

मी वाजवलं. दार खाडकन उघडलं. "आलेआले!" चिरका आवाज, मान हलतेय, हात टॉवेल नसताना फडफडतायत, सत्तरीची बाई दुखऱ्या गुडघ्यांवर टुणटुण उडतेय. तिच्या मागे पाचही जणं खुर्चीत लोळत होती. पुन्हा, म्हणाले. मी पुन्हा वाजवलं. सात वेळा वाजवलं मी. शेवटच्या वेळी मलाही हसू आलं, आणि ते तिला दिसलं.

खोली तिला मिळाली. एकमताने. दर महिन्याला पाहुणे येतात तेव्हा हे करायचं, असंही गमतीगमतीत ठरलं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी विचारलं, पाणी हवं का, ती नको म्हणाली. सामान न्यायला मेकअपवाली टेम्पो घेऊन आली, आम्हाला खाली उतरूही दिलं नाही.

मागच्या खोलीत आता माझं टेबल आहे. उजेड छान येतो. काम मात्र होत नाही फारसं. घंटी वाजली की मी दचकतो, आणि बायको दार उघडेपर्यंत आकडे मोजत बसतो.

तिचा स्वेटर राहिला होता, तो द्यायच्या निमित्ताने परवा गेलो. तिसऱ्या मजल्यावर डावीकडचं दार. आतून पत्ते पिसल्याचा आवाज येत होता आणि दोघी कशावरून तरी हसत होत्या. मी वाजवलं. हसणं थांबलं. मी म्हणालो, आत्या, मी आहे. एक्केचाळीस झाले. साठ झाले. मग मेकअपवालीने विचारलेलं ऐकू आलं, अगं, उघडायचं नाही का?

"नको," आत्या म्हणाली, तिच्या त्या जाडसर, सावकाश आवाजात. "काढून बघितलंय मी त्याला. गोष्ट पडत नाही. तू टाक पत्ता."

मी स्वेटर कडीला अडकवला आणि जिना उतरलो.